फॅन्टसी जगात लांडगाबाधा शाप नाही तर रोग म्हणून दाखवायचीये, नियम कसे बसवू?

पठारावरची (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार मंडळी. आमचा रोलप्लेइंग गेमचा ग्रुप आहे, रविवारी दुपारी जमतो, गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे असतं. जग मीच बनवलंय आणि खेळतो पण मराठीतच. एक मोठं गवताळ पठार, त्यावर सात गढ्या, मधेमधे मेंढपाळांचे वाडे, घाटाखाली बाजारपेठा. बंदुका नाहीत, मायक्रोस्कोप नाही, वैद्य आहेत, थोडीफार जादू आहे पण ती महाग आहे आणि गावातल्या माणसाला परवडत नाही.

ह्या पठारावर लांडगाबाधा आहे. चावा बसला की काही काळाने माणसाचा लांडगा होतो, मग परत माणूस, मग परत लांडगा. मागच्या सेशनच्या शेवटी आमच्यातल्या एकीच्या पात्राला, मेंढपाळाची मुलगी आहे ती, वाड्याच्या कुंपणापाशी चावा बसला आणि तिने मला सरळ विचारलं की आता माझ्या हातात काय आहे? मी म्हटलं पुढच्या वेळी सांगते. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, कारण तिला खरं उत्तर द्यायचंय, नुसतं फासे टाक आणि बघ असं नाही.

मला शाप नकोय. शाप म्हटलं की कुणीतरी काहीतरी पाप केलेलं असतं आणि गोष्ट त्या पापाकडेच जाते. रोगाचं तसं नाही, चावा कुणालाही बसतो, तरीपण गाव त्या माणसाशी असं वागतं की जणू त्यानेच काहीतरी केलंय, आणि मला नेमकं हेच दाखवायचंय. पण रोग म्हटल्यावर तो रोगासारखा वागला पाहिजे ना. चावल्यापासून किती दिवस? मधल्या काळात काय होतं? पौर्णिमाच का? चांदीचं काय करू, ठेवू की काढून टाकू? आणि उपचार ठेवावा का, ठेवला तर तो कितपत चालावा? ज्यांना वैद्यकातलं किंवा प्राण्यांमधलं कळतं त्यांनी प्लीज लिहा, लांबलचक लिहिलंत तरी वाचेन.

मोजमाप

आधी एक हिशोब करून घे मग बाकीचं. समजा एक बाधित माणूस दर पौर्णिमेला दोघांना चावतो आणि ते दोघंही पुढच्या पौर्णिमेला चावायला तयार. म्हणजे दर महिन्याला तिप्पट. एकापासून सुरू केलं तर १२ पौर्णिमांनंतर ५,३१,४४१. तुझं अख्खं पठार वर्षभरात संपलं, गोष्ट सांगायला कुणी उरत नाही. त्यामुळे कुठेतरी ब्रेक हवा. एकतर बहुतेक चाव्यांतून लागण होतच नाही, किंवा चावा बसलेले बहुतेक जण लांडगा व्हायच्या आतच मरतात, किंवा मधला काळ खूप लांब आहे. मी तिसरं घेईन कारण त्यात गोष्टीला जागा मिळते. पहिलं पण थोडं घे.

लसवाली_ताई

मी ग्रामीण भागात आरोग्य खात्यात आहे, कुत्रा चावलेली माणसं आमच्याकडे कायम येतात, तर त्या अंगाने सांगते. तुझ्या रोगाला तयार नमुना आहे तो म्हणजे रेबीज, पिसाळलेल्या जनावराचा रोग. तो कसा चालतो ते नीट समजून घेतलंस तर तुझे निम्मे प्रश्न सुटतील.

विषाणू लाळेतून जखमेत जातो. रक्तातून पळत नाही, तो शिरतो नसांमध्ये आणि नसेतून हळूहळू मेंदूकडे चढतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर असा. म्हणून चावा पायाला असेल तर वेळ जास्त मिळतो, तोंडाला मानेला असेल तर कमी, लहान मुलांना अजून कमी. साधारण २ ते ३ महिने धर, पण एका आठवड्यातही होतं आणि वर्षानेही झालेलं आहे. ह्या सगळ्या काळात माणूस ठणठणीत असतो, जेवतो, कामाला जातो, जखम भरून आलेली असते, घरातले विसरून गेलेले असतात. मग एक दिवस चाव्याच्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते, आणि तिथून पुढे काही करता येत नाही. लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. मेंदूपर्यंत पोचल्यावर विषाणू परत नसांमधूनच खाली लाळेच्या ग्रंथीत येतो आणि त्याच वेळी जनावराला चावरं करतो, म्हणजे पुढच्या अंगात जायची वाट तो स्वतःच तयार करतो. तुझ्या लांडग्याला चावायची इच्छा का होते ह्याचं उत्तर इथेच आहे, राग नाही भूक नाही, रोगाला पुढे जायचंय.

आता पौर्णिमा. काही रोगांना खरोखरच घड्याळ असतं. हत्तीपायाचे जंतू दिवसा फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री साधारण १० ते २ ह्या वेळात बाहेरच्या रक्तात येतात, कारण डास तेव्हा चावतो. म्हणून हत्तीपायाचं सर्वेक्षण रात्री करतात, झोपलेल्या माणसांना उठवून बोटातून रक्त घेतात. आणि गंमत नाही, खरं सांगते, माणूस दिवसा झोपून रात्री जागा राहायला लागला की त्या जंतूंचं वेळापत्रक पण उलटं होतं. तेव्हा तुझा रोग चंद्राकडे बघत नसून पौर्णिमेच्या उजेडात माळावर कोण बाहेर असतं त्याप्रमाणे जमलेला असेल असं कर. मेंढपाळ चांदण्यात चालतात, वाटा दिसतात, मग चावायला माणूस मिळतो. आणि मग एखाद्याला ३ महिने अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर त्याचं घड्याळ बिघडेल का, हा प्रश्न तुझ्या वैद्यांना पडू दे.

एक मात्र कळकळीने सांगते, हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच. खऱ्या आयुष्यात कुत्रा, मांजर, माकड काहीही चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

तळघर

मी असहमत आहे. रोग केलास की गूढ जातं. लांडगामाणसाची भीती ही आहे की माझ्या आतच काहीतरी आहे जे मी नाही, आणि ते नसेतून किती मिलिमीटर चढलं हे कळल्यावर कोण घाबरणार? शापात निदान प्रायश्चित्त असतं, पात्राला काहीतरी करता येतं. रोगात पात्र नुसतं वाट बघत बसतं.

जुनी_पानं

@तळघर, वाट बघणं हेच तर भीतीदायक आहे. आणि रोग ही आजची आयडिया नाहीये. सातव्या शतकात अलेक्झांड्रियात शिकलेला पॉल ऑफ एजिना नावाचा वैद्य होता, त्याने ह्याला सरळ सरळ उदासीनतेच्या विकारांत टाकलंय. त्याचे रोगी रात्री बाहेर पडतात, लांडग्यासारखं वागतात, पहाटेपर्यंत थडग्यांपाशी घुटमळतात. चेहरा फिकट, नजर अधू, डोळे कोरडे, जीभ कोरडी, सतत तहान आणि नडग्यांवर न भरणाऱ्या जखमा कारण अंधारात सारखे धडपडतात. उपाय काय तर झटक्याच्या वेळी रक्त काढणं, चांगलं अन्न, गोड्या पाण्याची आंघोळ, दह्यादुधाची निवळी. ह्यात कुठे सैतान नाही, शाप नाही. मला तर ते नडग्यांचं वर्णन वाचून पोटात कालवतं, कारण ते कुणीतरी खऱ्या माणसाचे पाय बघून लिहिलेलं वाटतं.

पुढे युरोपात हेच गुन्हा झालं. १५८९ मध्ये कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये पेटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याकडून छळ करून कबुली घेतली आणि हाल हाल करून मारलं. पण १६०३ ला बोर्दोच्या न्यायालयापुढे जाँ ग्रनिए नावाचा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आला, तो स्वतःच सांगत होता की मी लांडगा होतो, आणि त्या न्यायालयाने त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणून फाशी न देता मठात ठेवलं. मधे १४ वर्षं फक्त. तुझ्या पठारावर एका गढीत हा गुन्हा असेल आणि शेजारच्या गढीत आजार, तर ती मेंढपाळाची मुलगी कुठल्या गढीच्या हद्दीत सापडते ह्यावर तिचं आयुष्य ठरेल.

वैद्य_शनिवारपेठ

लसवाली ताईंनी आधुनिक बाजू उत्तम मांडली. मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, आपल्याकडचं सांगतो, कारण परदेशी दाखले देताना हे राहून जातं.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविषाचं वर्णन आहे. कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ वगैरे जनावरं पिसाळतात आणि त्यांच्या चाव्यातून ते विष माणसात येतं. त्यात असं म्हटलंय की माणसाला जे जनावर चावलं त्याच्यासारखे आवाज तो काढू लागतो, त्याच्यासारख्या हालचाली करू लागतो, माणसाच्या क्रिया त्याच्यातून निघून जातात आणि तो मरतो. आणि पाण्यात किंवा आरशात त्याला स्वतःच्या जागी ते चावलेलं जनावर दिसलं तर ते मरणाचं लक्षण. पाण्याला घाबरतो त्याला जलत्रास म्हटलंय. तळघर म्हणतात ते 'आतलं दुसरं काहीतरी' हेच की. रोगाच्या वर्णनातच आहे, वेगळा शाप कशाला पाहिजे.

पण तुमच्या गोष्टीसाठी खरी कामाची गोष्ट पुढे आहे. तिथे सांगितलंय की ज्याचं विष आपोआप खवळतं तो जगत नाही, म्हणून ते स्वतःहून खवळायच्या आत वैद्याने ते मुद्दाम खवळवावं. त्यासाठी धोतऱ्याचं मिश्रण असलेलं औषध देत, आणि त्याने विकार उसळला की रोग्याला थंड घरात, पाण्यापासून लांब ठेवत. विचार करा, चावा बसलेली मुलगी अजून धडधाकट आहे, आणि वैद्य म्हणतोय की मी आज तुझा लांडगा करणार आहे, बंद खोलीत, कारण पौर्णिमेला तो माळावर झाला तर तू परत येणार नाहीस. तिच्या हातात काय आहे ह्याचं उत्तर हे. आणि औषध जास्त झालं तर ती त्या औषधानेच मरेल, धोतरा विषारी आहेच.

खऱ्या आयुष्यात ह्यातलं काहीही करायचं नाही. मीही चावलेल्या माणसाला लशीसाठीच पाठवतो.

पठारावरची

वैद्यकाका, हे वाचून मी उठून फेऱ्या मारल्या घरात! मुद्दाम खवळवायचं, हे मला कधीच सुचलं नसतं. ती आरशाची गोष्ट पण घेते, पण मरणाचं लक्षण म्हणून नाही, वेळ किती उरला हे बघायचं साधन म्हणून. वाड्यावर आरसा कुठून असणार म्हणून मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत बघायचं रोज सकाळी.

चांदीवर कुणी बोललंच नाही अजून. ती काढून टाकू का?

लसवाली_ताई

अजिबात काढू नकोस, फक्त तिचा उपयोग बदल. चांदी जंतू मारते हे खरंच आहे. नवजात बाळांच्या डोळ्यांना आईकडून संसर्ग होऊन अंधत्व यायचं, ते १८८० च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांनी आटोक्यात आलं. त्याच सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीने १९ व्या शतकात पिसाळलेला कुत्रा चावलेली जखम लगेच जाळून काढायचे. आणि जुने किमयागार चांदीला चंद्राचा धातू मानायचे, म्हणून त्या कांडीचं नावसुद्धा युरोपात चंद्रावरून पडलेलं. तुला आयतं मिळालं बघ. चांदी लांडग्याला मारायला नाही, चावा बसलेल्या माणसाची जखम त्याच दिवशी डागायला. उशीर झाला की उपयोग शून्य. आणि चांदी महाग म्हणजे गढीवाल्याच्या पोराची जखम डागली जाणार, मेंढपाळाच्या मुलीची कुणी डागणार?

जुनी_पानं

ह्याला जोडून, ती चांदीची गोळी फार जुनी नाहीये. फ्रान्समध्ये जेव्होदाँच्या डोंगराळ भागात १७६४ ते १७६७ एका श्वापदाने खूप माणसं मारली, त्याला शेवटी मारलं ती गोळी चांदीची होती असं सांगतात, पण ते विसाव्या शतकातल्या लेखकांनी नंतर चिकटवलेलं आहे. त्यामुळे बिनधास्त सोड.

आता गाव कसं वागतं ह्याबद्दल, कारण मूळ प्रश्नात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्याच्यावर कुणी लिहिलं नाही. पुण्यात राहून ह्यासाठी लांब जायची गरज नाही. १८९७ चा प्लेग वाच. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर पेठांमधून घरोघर शिरून रोगी शोधायचे, माजघरं, देवघरं काही सोडलं नाही, सामान रस्त्यावर काढून जाळायचे, आजारी माणसाला छावणीत आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत न्यायचे. मग लोक काय करायला लागले? आजारी माणूस लपवायला लागले. घरात प्रेत असलं तरी सांगायचे नाहीत. म्हणजे रोग थांबवायला जे केलं त्यानेच रोग लपला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या हे सगळ्यांना माहितीये, पण त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेग झालेल्या पोराला उचलून त्यांच्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या पठारावर गढीचे शिपाई वाड्यावाड्यांतून लोकांच्या नडग्या आणि दंड उघडे करून चाव्याचे वण तपासत फिरतील. साधा कुत्रा चावलेला माणूससुद्धा वण लपवेल. आणि त्याच गर्दीत कुणीतरी एक बाई असेल जी उचलून नेते. ती जादूगार वगैरे नको, साधीच असू दे.

माळरान_फिरस्ता

मी लांडग्यांच्या बाजूने बोलायला आलोय. सासवड, सुपे, दौंड पट्ट्यात बरीच वर्षं फिरतोय, आपल्या पुण्याच्या उंबऱ्यावर अजून लांडगे आहेत आणि ते कुणाला दिसत नाहीत कारण ते माणूस दिसला की आधीच वाट बदलतात. धनगर मंडळी त्यांच्याकडून वर्षाला काही कोकरं जाणार हे धरूनच चालतात, चिडतात पण तो माळाचा भाग आहे असं मानतात. मग पिसाळलेला लांडगा कसा ओळखायचा? तो एकटा असतो, भर दिवसा येतो, वाड्यात शिरून मेंढरू न उचलता माणसं, कुत्री, जे समोर येईल त्याला चावत सुटतो आणि खात काहीच नाही. १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून पिसाळलेल्या लांडग्याने चावलेले १९ जण पॅरिसला पाश्चरकडे लशीसाठी गेले होते, त्यातले १६ वाचले. एका लांडग्याने एवढे चावे घेतले होते, निरोगी लांडगा असं करत नाही.

तेव्हा तुझ्या जगात माळावरचे साधे लांडगे पण असू देत, आणि गढीने बाधेच्या नावाखाली त्यांना बचनाग घालून मारायला सुरुवात केली तर काय होईल ते दाखव. जुन्या मेंढपाळाला फरक कळतो, शिपायाला कळत नाही. एक तिसरी शक्यता पण आहे. लांडगे कमी झाले आणि गावाच्या कडेला कचरा नि कुत्री वाढली की दोघांचा संकर होतो, पुण्याजवळच्या माळावर त्याचा जनुकीय पुरावा पण २०२३ मध्ये आलाय. असा पिंगट रंगाचा संकर वाड्यापाशी दिसला तर लोक त्यालाच माणूस समजून मारतील. मारल्यावर तो परत माणूस होतो का हे बघत रात्रभर बसतील आणि तो होणार नाही.

तळघर

ठीक आहे, हे शेवटचं वाचून माझा विरोध मागे. एकच मागणी, तिला लांडगा असतानाचं काहीतरी आठवू दे. एखादा वास, बास.

पठारावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत जे ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. चावा बसल्यादिवशीच राखेच्या पाण्याने जखम धुतली आणि चांदीने डागली तर बहुतेक जण सुटतात. नाही डागली तरी प्रत्येकाला बाधा होत नाही, पण कुणाला होणार हे कळायला मार्ग नाही, म्हणून दोन-तीन पौर्णिमा सगळ्यांनीच धास्तीत काढायच्या. आमच्या मुलीचा चावा पोटरीला आहे, म्हणजे वेळ जास्त. डोणीतल्या पाण्यात जोवर स्वतःचा चेहरा दिसतोय तोवर वैद्याला बाधा खवळवता येते, त्यात काही मरतात, काही वाचतात, आणि हे करायचं की नाही हे तिने ठरवायचं, मी नाही. उत्तरेच्या गढीत चाव्याचा वण म्हणजे गुन्हा, दक्षिणेच्या गढीत आजार, आणि तिचा वाडा बरोबर दोन्हींच्या हद्दीवर. वास पण घेतला, ओल्या लोकरीचा.

एकच अडतंय. खवळवून वाचली तर तिचं पुढे काय? ती कायमची मोकळी का?

लसवाली_ताई

मोकळी कर आणि पुन्हा लागण न होणारी कर. लस नसतानाच्या काळात देवी येऊन गेलेली माणसंच देवीच्या रोग्यांजवळ निर्धास्त बसू शकायची, कारण त्यांना परत व्हायची नाही. म्हणजे तुझ्या पठारावर पुढच्या रोग्यासोबत त्या बंद खोलीत रात्रभर बसायला फक्त वाचलेलीच माणसं चालतील. चावा तिलाही बसेल, दुखेल, रक्त येईल, पण बाधा होणार नाही. पोटरीवरचा वण मात्र तसाच राहील, तेव्हा उत्तरेच्या गढीतून कुणी बोलावणं पाठवलं तर तिला शिपायांच्या तपासणीतून जावं लागेल. ती जाते का ते रविवारी खेळल्यावर इथे येऊन लिही.